निळ्या कड्याच्या कोंबड्या

४ फेब्रुवारी

वन्सं,

जंतू अंड्याच्या आत आहे. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई काल दुपारी स्वतः उबवणी केंद्रावर आल्या आणि दारात उभ्या राहूनच त्यांनी हे सांगितलं. मेलेल्या पिल्लांच्या यकृतात जो जंतू निघाला, तोच कवचात मेलेल्या अंड्यांच्या बलकातही निघाला. पांढरी हगवण. मी विचारलं, "म्हणजे आमची मशीनं घाण आहेत?" त्या म्हणाल्या, "मशीनमध्ये ते पसरलं. पण सुरू तिथे झालेलं नाही. हे आईकडून आलंय."

आई म्हणजे तुमच्या कोंबड्या.

तुमची अंडी उतरली की पहिल्यांदा धुरीच्या खोलीत जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. वरच्या ट्रेमध्ये तुम्ही खोचलेली चिठ्ठीसुद्धा धुरी खाऊनच माझ्या हातात पडते. ‘फुटकी इतकी, लहान इतकी’ एवढंच त्यात असतं, तरी वाचताना डोळे चुरचुरतात. मला वाटायचं, या खोलीतून काही जिवंत सुटणार नाही. आम्ही कवचं धूत बसलो आणि ते आत बसून आरामात येत राहिलं.

कळलं ते असं. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी दर वर्षीसारखी पिल्लं नेली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या बुटांचं खोकं घेऊन आल्या. मला वाटलं, शिवायला दिलेलं काही असेल. झाकण काढलं तर आत ओळीने निजवलेली पिल्लं, मागची बाजू पांढऱ्याने लिंपलेली. त्या ओरडल्या नाहीत. "रात्रभर दिव्याखाली एकमेकांवर चढून कण्हत होती हो," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर रोज कोणी ना कोणी येतंय.

डॉक्टरीणबाईंनी तुमची गाडी बंद केली आहे. म्हणून हे पत्र पोस्टाने. फोन केला असता, पण फोनवर आपल्या दोघींच्या मध्ये तुमचे दादा असतात, आणि माझं अर्धं वाक्य तेच पुरं करतात.

एकच विचारायचं आहे, आणि राग मानू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही बाजारातून कुठल्या कोंबड्या आणून कळपात सोडल्या का?

तुमची वहिनी

७ फेब्रुवारी

वहिनी,

राग मानू नका म्हणायचं आणि मग थोबाडीत मारायची, ही तुझी जुनी रीत.

माझ्या कोंबड्या आजारी? ये आणि बघ. आत्ता हे लिहिते आहे तेव्हा खिडकीखाली मुकादमीण भुसा उकरते आहे. मुकादमीण म्हणजे ती ठिपक्यांची, जिच्या पुढे दुसरी कोणी पाण्याला तोंड लावत नाही. तुरा असा लाल, की कुंचल्याने रंगवावा. आज सकाळीच अंडं घालून सगळ्या शेडला ओरडून सांगितलंय. तिला हगवण नाही, सर्दी नाही, साधी शिंकही नाही. अंडी वेचणाऱ्या मावशी तर म्हणतात, "आपल्या दोघींपेक्षा हिचीच तब्येत बरी."

आणि बाजारातून? बाहेरचं एक पीस या फाटकातून आत आलेलं नाही. माझ्या शेडमध्ये जे काही दोन पायांवर चालतं, ते माझ्याच अंड्यांतून झालेलं, घरचंच आहे. हे तुला मी सांगायला हवं?

आता मी विचारते. ज्या मशीनमधून पिल्लं बाहेर पडतात, तिथे ती पिवळी लव नाकातोंडात जाते इतकी उडते. ती कधी नीट काढता? दादा गेल्या खेपेला शिंकत शिंकत आला होता. तुमच्याकडे पसरलं, आणि नाव मात्र आईचं. पोर बिघडलं की आईचं चुकलं, हे म्हणायला डॉक्टरीण कशाला लागते? ते तर शेजारीपाजारीही सांगतात.

अंडी साचली आहेत. कोठीत ट्रेवर ट्रे चढलेत. गाडी पुन्हा कधी सुरू होणार ते कळव. आमचा सावकाश रोज फाटकाशी येऊन उभा राहतो आणि गाडी पुसतो. अंडी नेतो म्हणून तो हळू चालवतो, आणि हळू चालवतो म्हणून त्याला सावकाश म्हणतात. पण इतका सावकाश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

नणंद

१० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवून. मुकादमिणीचं वर्णन ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हेच तर. आजारी पिल्लू दिसतं. आजार घेऊन मोठी झालेली कोंबडी दिसत नाही. ती खाते, पिते, अंडी देते, आणि अधूनमधून एखाद्या अंड्यात ते घालून देते. तिच्या अंगात ते जन्मभर राहतं. औषधानेही पुरतं जात नाही."

मी विचारलं, "आणि तिला काही होत नाही?"

"तिला जे व्हायचं ते ती पिल्लू असतानाच होऊन गेलेलं असतं."

हेच घरी बोलले तर तुमचे दादा पानावरून उठून गेले.

लवेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. शंभरात एक पिल्लू आजारी निघालं, तरी मशीनमधली ती लव उडून बाकीच्यांच्या नाकात जाते. आमच्याकडे ते पसरलंच, ते मी नाकारत नाही. म्हणून काल सगळी मशीनं बंद केली. आतली अंडी नष्ट करावी लागली. कवचातून चोच मारायला लागलेलीही होती त्यात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पंख्यांचा आवाज थांबल्यावर कानांत दडे बसल्यासारखं झालं. या घरात लग्न होऊन आल्यापासून मी ते पंखे बंद झालेले ऐकले नव्हते.

तुमची काळजी यांना फार लागली आहे. जेवत नाहीत, अंगणात येरझाऱ्या घालतात. परवा सावकाशला फोन करताना मला पाहून गप्प झाले. बहिणीवर इतका जीव आहे हे मला माहीत होतं, पण इतका असेल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई या आठवड्यात तुमच्याकडे येतील. प्रत्येक कोंबडीच्या आणि कोंबड्याच्या रक्ताचा थेंब बघणार आहेत. कृपा करून त्यांच्याशी माझ्याशी बोलता तसं बोलू नका.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तू बरोबर होतीस. हे वाक्य मी आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहून होणार नाही.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. फाटकाशी बूट बदलले, हात धुतले, आणि शेडच्या दाराशी टेबल मांडून त्यावर एक पांढरी स्वच्छ फरशी ठेवली. मी कोंबडी धरायची, त्या पंखाखालची शीर टोचायच्या, रक्ताचा एक थेंब फरशीवर, त्याच्यावर एक थेंब जांभळं औषध. काडीने ढवळायचं आणि फरशी हळूहळू हलवत बघत राहायचं. थेंब तसाच एकसारखा राहिला तर कोंबडी चांगली. फाटला तर नाही.

पहिल्या काही चांगल्या निघाल्या. मी मावशींना डोळ्याने खुणावलंसुद्धा, ‘बघा, उगाच घाबरवलं.’ मग एक फाटला. नासलेलं दूध फाटतं तसा, दाणे दाणे होऊन. मग लगेच दुसरा. मी म्हटलं, "औषध खराब असेल." त्यांनी नवी बाटली फोडली. नव्या बाटलीतही फाटला.

दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटतं त्यांच्या आधीच आलं होतं. फाटणारा जवळजवळ प्रत्येक थेंब निळं कडं असलेल्या कोंबडीचा होता. मी कडं बघूनच मनात म्हणायला लागले, ही जाणार. आणि ती जायची. मुकादमीणही.

"एक उघडून बघावी लागेल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मुकादमीणच बघा, म्हणजे माझी खात्री पटेल." मला अजून वाटत होतं की आत सगळं ठीक निघेल. वहिनी, तू अंडी दिव्यावर धरून बघतेस, पण कोंबडीच्या पोटातलं अंडाशय कधी पाहिलं आहेस का? पिवळ्याधमक द्राक्षांचा घड असतो, लहान-मोठे बलक. हिच्या घडातले काही चांगले होते, त्यातल्याच एकाचं अंडं तिने सकाळी घातलं असणार. बाकीचे सुरकुतलेले, हिरवट-तपकिरी, एकेका देठाला लोंबणारे. जिचा तुरा मी तुला इतका कौतुकाने लिहिला, तिच्या आत हे. मावशी पदर तोंडावर घेऊन बाहेर गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "हे निळं कडं कशाचं?"

आता हे तुला लिहायचं नाही असं दादाने बजावलं होतं. पण आता लपवण्यात काय राहिलं? मी त्यांना सांगितलं, या माझ्या माहेरवाशिणी. उबवणीत दर हंगामात थोडी पिल्लं मरतात, थोडी मागे पडतात, विकण्याजोगी राहत नाहीत. ती माझी वहिनी मारत नाही. परतीच्या रिकाम्या ट्रेमध्ये, भोकं पाडलेल्या खोक्यात घालून मला पाठवते. मी त्यांना चुलीमागे उबेत ठेवते, जगतील ती जगतात. माझ्याच अंड्यांतून गेलेल्या, माझ्याकडे परत आलेल्या; म्हणून माहेरवाशिणी, आणि ओळखू याव्यात म्हणून पायात निळं कडं. एवढ्यातून ज्या वाचल्या त्या पोलादी, म्हणून पुढच्या पिढीला आया म्हणून मी त्याच ठेवत गेले. यंदा त्या पहिल्यांदाच इतक्या संख्येने अंड्यावर आल्या.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमिणीच्या पायातलं निळं कडं बोटाने फिरवलं. मग हळू म्हणाल्या, "बाई, आजारातून वाचलेली तेवढीच तुम्ही वेचून आणलीत. आणि मग त्यांचीच अंडी उबवायला पाठवलीत."

मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण दादाकडून कळलं तर तू मनाला लावून घेशील. घेऊ नकोस. तू दया म्हणून पाठवलीस, मी प्रेमाने वाढवली. आभार मानले की वहिनीला अवघडल्यासारखं होतं, मग ती पाठवायचं बंद करेल, असं दादा म्हणायचा, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. आज मानते. खोक्यात खाली मऊ फडकं असायचं ना, ते मी प्रत्येक वेळी धुऊन ठेवलं आहे.

तुझी नणंद

१९ फेब्रुवारी

वन्सं,

मी तुम्हाला एकही पिल्लू पाठवलेलं नाही. कधीही नाही.

तुमचं पत्र काल संध्याकाळी आलं. हे चहा घेत होते आणि मी मोठ्याने वाचत होते. निळं कडं आलं तेव्हा यांचा कप अर्ध्यावर थांबला. ‘माझी वहिनी मारत नाही’ इथे मी वाचायची थांबले. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या वहिनीबद्दल आहे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"चहा गार होतोय तुझा," हे म्हणाले.

"माझा चहा राहू दे. हे काय आहे?"

मग सगळं बाहेर आलं. या केंद्राचा नियम मीच घातला आहे, तुम्हाला माहीत नसेल तर सांगते: मागे पडलेलं, मलूल पिल्लू दाराबाहेर जाणार नाही. विकायचं नाही, फुकट द्यायचं नाही, पाळायचं नाही. त्याला तिथेच संपवायचं. हे काम यांच्याकडे होतं, कारण ते म्हणाले होते, "तू नको करूस, मी करतो." मला बरं वाटलं होतं की माझ्या वाटचं कठीण काम नवऱ्याने उचललं. यांना ते जमलं नाही. एकदाही जमलं नाही. खोकी भरून सावकाशच्या गाडीत चढवली, मला सांगितलं ‘झालं’, आणि तुम्हाला सांगितलं ‘वहिनीने पाठवलीत’.

सकाळी सावकाशला फोन केला. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "वहिनीसाहेब, मी अंडी नेतो, बातम्या नेत नाही." या माणसाला आयुष्यात एवढं चटपटीत उत्तर कधी सुचलं नव्हतं. पाठ केलेलं असणार.

डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, पहिली आजारी कोंबडी कुठली ते आता कधीच कळणार नाही. पण तो फेरा कोणी चालू ठेवला ते कळलं. माझ्या घरातून तुमच्या घरी, तुमच्या घरातून माझ्या घरी, आणि मध्ये शिवणकामवाल्या बाईंचं बुटांचं खोकं.

दया मी केली नाही. मी असते तर ती पिल्लं त्याच दिवशी संपवली असती, आणि आज तुमचा कळप उभा असता. तुम्हाला जी वहिनी चांगली वाटत होती, ती मी नव्हे. हे उगाच वाद नको म्हणून लिहून ठेवते. फडकी जाळून टाका, त्यांच्यातही जंतू असतील.

वहिनी

१ मार्च

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण हातात कोंबड्या होत्या.

फाटलेल्या थेंबांच्या सगळ्या गेल्या. निळ्या कड्याच्या जवळजवळ सगळ्या, आणि त्यांच्याबरोबर बिनकड्याच्याही बऱ्याच, कोंबडेही. एकेकीला मी स्वतः धरून दिलं. भुसा जाळला, जमिनीला चुना लावला. मावशींनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच कुदळ घेऊन खड्डा खणायला आल्या. फडकीही जाळली. तुझ्या पत्रात तेवढं एक वाक्य होतं ज्याच्यावर मला काही करता आलं.

बाकीच्या पत्राचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुला आठवतं, आई गेल्यावर धंद्याची वाटणी झाली, कोंबड्या माझ्याकडे आणि मशीनं तुमच्याकडे, तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता तुमचं तुम्ही, आमचं आम्ही." मी ते मनात धरून बसले होते. वरच्या ट्रेमध्ये आकडे लिहायचे, बाकी शब्द नाही. मग त्याच थंडीत पहिलं खोकं आलं. आत पाच-सहा मरतुकडी पिल्लं आणि खाली मऊ फडकं. मी चुलीपाशी बसून रडले. म्हटलं, बोलायला कडू आहे, पण मनाने अशी आहे. त्या दिवसापासून मी तुमच्याकडे येणाऱ्या अंड्यांवर हात फिरवून, एकेक निवडून पाठवायला लागले. पहिल्या ट्रेमध्ये सगळ्यात चांगली. त्यातही निळ्या कड्यांची, कारण मोठी असायची ती. म्हणजे तुला देण्यासाठी मी नेमका आजारच निवडत होते.

कोंबड्या गेल्याचा धक्का मला एकदाच बसला. तुझ्या पत्राचा रोज सकाळी नव्याने बसतो. उठते, आणि आठवतं की ते खोकं तू पाठवलेलं नव्हतंस.

गेल्या आठवड्यात दादा आला होता. उबवणीतल्या माणसाला आत घ्यायचं नाही असा डॉक्टरीणबाईंचा नियम, म्हणून त्याला फाटकाबाहेरच उभं केलं. नियम नसता तरी केलं असतं.

मी विचारलं, "दादा, मारवत नव्हती तर तसं सांगायचं. तिचं नाव कशाला?"

तो म्हणाला, "तुम्ही दोघी बोलत नव्हतात. मला पिल्लं मारवत नव्हती. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी."

"पक्षी मोजून ये आत," मी म्हटलं. मग त्याचा चेहरा बघून फाटकाच्या गजातून पाण्याचा तांब्या दिला. तोही नंतर उकळला.

आता पुढचं. डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणजे सगळा कळप संपवून बाहेरून नवा आणायचा. दुसरी, ज्यांचे थेंब चांगले निघाले तेवढ्याच ठेवून पुन्हा तपासायच्या, कारण एकदा चांगला निघालेला थेंब पुढे फाटू शकतो. मी दुसरी मागितली. हा कळप आईच्या हातचा आहे, त्या ठिपक्यांची कोंबडी विकत कुठे मिळत नाही. त्या तयार झाल्या, पण अट घातली. या वेळी एखाददुसरी फाटली तर ती काढून पुढे बघू. तिसऱ्या शेडमध्ये मात्र एकही फाटता कामा नये, कारण तिथल्या मी निळ्या कड्यांत कधी मिसळल्या नव्हत्या, आणि आईची मूळची जात तेवढीच उरली आहे. तिथे फाटला तर सगळाच कळप जाईल.

तपासणी १८ मार्चला आहे. मावशींचं मनगट खड्डा खणताना मुरगळलं आहे. धरायला माणूस शोधते आहे. बाहेरचा कोंबडीवाला चालणार नाही, आणि ज्यांच्याकडे कोंबडी नाही त्यांना धरता येत नाही.

तू कोण आहेस ते मला आता ठाऊक नाही. पण खोटं लिहीत नाहीस, एवढं कळलं.

नणंद

८ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र या वेळी मी मनातल्या मनात वाचलं. हे समोर बसले होते, पण विचारायची त्यांची छाती झाली नाही. ते सध्या स्वयंपाकघरात भांडी घासतात आणि मी बघते. दोघांनाही त्याचा कंटाळा आला आहे, तरी चालू आहे.

इथलं सांगते. मशीनं उघडून आतून घासली, पुन्हा घासली. लाकडी ट्रे सगळे जाळले, पत्र्याचे नवे आले. पिल्लं नेलेल्या प्रत्येक घरी मी स्वतः गेले आणि सांगितलं, पिल्लं आमच्याकडून आजारी आली, जी जगली आहेत तीही ठेवू नका, अंड्यांवर बसवू नका. शिवणकामवाल्या बाईंकडे चार वाचली होती. त्यांच्या मुलीने प्रत्येक पिल्लाला नाव दिलं होतं. मी कारण सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "एवढ्यातून जगली, आणि आता जगली म्हणून मारायची?" तुमचंच वाक्य होतं ते, वेगळ्या तोंडून आलेलं. शेवटी त्यांनीच खोकं आणून दिलं. तेच, बुटांचं.

ती चार मी स्वतः संपवली. यांना हाक मारली नाही. मशीनं बंद केली त्या दिवशी अंडी गेली होती, पण तेव्हा हात कामाच्या माणसांचे होते आणि मी फक्त हुकूम दिला होता. पिल्लू तळहातावर घेऊन हे पहिल्यांदाच. नियम घालणं सोपं होतं, वन्सं. नियम बरोबरही होता, आजही बरोबर आहे. पण तो मी कधी स्वतःच्या हाताने पाळला नव्हता. यांनी खोटं बोलायला नको होतं, ते मी सोडणार नाही. का बोलले, ते मात्र तळहातावरचं पिल्लू गार पडल्यावर कळलं.

पहिल्या ट्रेमधली अंडी. ती वेगळी असतात हे मला दिसत होतं. मोठी, एकसारखी, पुसून ठेवलेली. मला वाटायचं, दादासाठी बहीण निवडून पाठवते. माझ्यासाठी असतील असं मनातही आलं नाही. आलं असतं तर मीही चिठ्ठीत आकड्यांखाली एखादी ओळ लिहिली असती. बघा ना, तुम्हाला न पाठवलेलं पोचलं, आणि मला पाठवलेलं पोचलंच नाही.

‘तुमचं तुम्ही, आमचं आम्ही’ मी म्हटलं होतं, हे खरं आहे.

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाईंना मी विचारून घेतलं. आमच्याकडे महिनाभर एकही अंडं किंवा पिल्लू आलेलं नाही. त्या चार पिल्लांनंतर मीही कशाला हात लावलेला नाही. घरून धुतलेले कपडे, फाटकाशी आंघोळ, तिथलेच बूट आणि झगा, एवढं पाळलं तर मला आत यायला त्यांची हरकत नाही. बुटांचं माप तुमच्या मापाहून एक लहान, पण मोजे घालून जमेल. हे घरी राहतील. ते फाटकाबाहेर उभे राहायला तयार होते, मी नको म्हटलं. एकाच फाटकाबाहेर एका माणसाने किती वेळा उभं राहायचं.

गाडी धुऊन झाली आहे. सावकाश म्हणाला, "अंडी नसताना थोडी जोरात चालवली तर चालेल का?" मी म्हटलं, "नाही."

एक अडचण आहे, ती आधीच सांगते, म्हणजे तिथे हसं होणार नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण मोठी कोंबडी मी कधी हातात धरलेली नाही. माझ्याकडे अंडं येतं आणि पिल्लू जातं, मधलं सगळं तुमच्याकडे. पंख कसे दाबायचे, पाय कुठे धरायचे, ते दाखवावं लागेल. आधीच्या संध्याकाळी पोचते, म्हणजे चार-दोन कोंबड्यांवर हात बसेल. चोच मारली तर मी ओरडेन, ते मनावर घेऊ नका.

१८ तारखेला डॉक्टरीणबाई उजाडतानाच फरशी मांडणार आहेत. सुरुवात तिसऱ्या शेडपासून करा असं मी त्यांना सांगितलं आहे. जे कळायचं ते पहिल्या तासातच कळेल. तुम्ही थेंबाकडे बघा. कोंबडी मी धरते.

वहिनी